खरेदीखतात नसलेलं कलम

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. बँकेत असताना मी त्याला मनातल्या मनात एक तिसरी ओळ जोडत असे : कर्ज पाहावं देऊन. माझ्या नोकरीतला निम्म्याहून अधिक काळ गृहकर्जाच्या टेबलावर गेला. सातबारा, फेरफार, सूची क्रमांक दोन, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र, जामीनदारांचे पगाराचे दाखले. समोर एखादा निवृत्त शिक्षक आयुष्याची पुंजी घेऊन बसलेला असे आणि त्याला मला सांगावं लागे, 'गुरुजी, तुम्ही जी जागा घेताय तिचा मालक कोण, याबद्दल तिघांचे तीन दावे आहेत.' घर घ्यायचं म्हणजे आधी संशय घ्यायचा, हा आमच्या खात्यातला पहिला धडा.

त्यामुळे लेकीनं फोनवर सांगितलं, 'बाबा, आम्ही इथे घर घ्यायचं ठरवलंय,' तेव्हा मी घर कसं आहे, हे विचारलंच नाही. 'टायटल क्लिअर आहे ना?' एवढंच विचारलं. ती हसली. म्हणाली, 'इथे तो प्रश्न कुणी विचारत नाही.' आमच्या हिचा प्रश्न निराळा होता आणि तो तिनं फोन ठेवल्यावर मला विचारला : 'म्हणजे आता ती परत यायची नाही, असंच ना?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या काही महिन्यांत सविस्तर मिळालं. दुसऱ्याचं मिळायला प्रत्यक्ष तिथे जावं लागलं.

लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये एन्स्खेडे या शहरात नोकरी करतात. आपण सरसकट 'हॉलंड' म्हणतो, पण हॉलंड हे पश्चिमेकडच्या दोन प्रांतांचं नाव. एन्स्खेडे पार पूर्वेला, ट्वेंटे नावाच्या भागात, जर्मनीच्या सरहद्दीला टेकलेलं. एके काळी हे कापडगिरण्यांचं गाव होतं. इथलं सुती कापड डचांच्या ताब्यातल्या इंडोनेशियात जाई. वसाहत गेली, स्वस्त कापड बाहेरून येऊ लागलं आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. परळ-लालबागची धुराडी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको.

या शहरापासून सायकलनं पाऊण तासावर एक खेडं आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही. आपलं नाव पेपरात आलेलं तिथल्या माणसांना आवडायचं नाही. दोन-अडीच हजारांची वस्ती, एक चर्च, एक शाळा, एक बेकरी, तासाला एक बस आणि बाकी सगळी शांतता. तिथे यांनी घर पाहिलं. १९३६ सालचं, लाल विटांचं, उतरत्या कौलांचं, मागे थोडी बाग. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मध्ये सामाईक भिंत. डच भाषेत अशा घराला 'एका टोपीखाली दोन' अशा अर्थाचा शब्द आहे. त्या टोपीखालचं दुसरं घर पुढे या लेखात येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

घर पसंत पडणं सोपं, मिळणं अवघड. नेदरलँड्समध्ये घरांची विलक्षण टंचाई आहे. २०२४ साली चार लाख घरं कमी पडतात असा अंदाज होता आणि जुन्या घराची सरासरी किंमत साडेचार लाख युरोच्या घरात गेली होती. विकाऊ घरं 'फुंडा' नावाच्या संकेतस्थळावर लागतात. तिथे किंमत लिहिलेली असते, पण ती नुसती सुरुवात. इच्छुकांनी आपापला आकडा गुपचूप कळवायचा. दुसऱ्यानं किती लावलेत, ते त्या वेळी कळत नाही. जुगारासारखाच प्रकार. त्यावर ओरड झाल्यावर २०२३ पासून दलालांच्या मोठ्या संघटनांनी आपल्या सभासदांना प्रत्येक बोलीची नोंद ठेवणं बंधनकारक केलं. व्यवहार झाल्यावर, कुणाचं नाव न सांगता, ते आकडे बोली लावणाऱ्यांना पाहता येतात. आमच्या लेकीच्या आधीच्या चार बोल्या फसल्या होत्या. पाचवी, म्हणजे या घराची, जानेवारी २०२५ मध्ये लागली.

मग सुरू झाली कागदपत्रं आणि माझी कळी खुलली. जावयानं कराराचा मसुदा भाषांतर करून पाठवला. मी पुण्यात दिवाणखान्यात बसून, जुना चष्मा लावून, तो कलमवार वाचून काढला.

पहिली गोष्ट तपासणीची. घर घेण्याआधी तिथे जाणकार स्थापत्यतज्ज्ञाकडून ते डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतात. 'पायापर्यंत' हा शब्द तिथे अक्षरशः घ्यायचा. देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली. पश्चिमेकडची जमीन भुसभुशीत, म्हणून शतकानुशतकं लाकडी खांब जमिनीत ठोकून त्यांवर घरं उभी केली. अॅमस्टरडॅमचा राजवाडा अशा तेरा हजारांहून अधिक खांबांवर उभा आहे. हे खांब पाण्यात बुडालेले असेतोवर टिकतात. भूजलाची पातळी उतरली आणि त्यांना हवा लागली, की कुजायला लागतात. म्हणजे आपल्याकडे घरात पाणी शिरलं की भीती आणि तिथे घराखालचं पाणी गेलं की भीती. उत्तरेकडे ग्रोनिंगेनची कहाणी आणखी निराळी. तिथे १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. त्यावर देश श्रीमंत झाला, पण वायू उपसल्यानं जमीन हादरू लागली. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हुइझिंगे या चिमुकल्या गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. हजारो घरांना तडे गेले, भिंतींना टेकू लागले आणि शांत खेड्यात घर घेतलेल्या माणसांना ते विकणं मुश्कील झालं. अखेर २०२४ मध्ये कायद्यानंच तो साठा कायमचा बंद करण्यात आला.

आमचं ट्वेंटे वाळूच्या जमिनीवर आणि समुद्राच्या वर. तेव्हा खांबांची चिंता नव्हती. पण इथे दुसरं भूत, अॅस्बेस्टॉस. जवळच्याच गोर या गावात अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना होता. त्याचा टाकाऊ माल पूर्वी शेतवाटा आणि अंगणं पक्की करायला सर्रास वापरला जाई. १९९३ पासून देशात त्यावर बंदी आहे. त्याआधीच्या घरांच्या करारात मात्र त्याचं कलम घालतात. आमच्या घराच्या मागच्या शेडवर चार पत्रे निघाले. ते काढायचा खर्च किमतीतून वळता झाला.

कराराच्या मसुद्यात एका कलमावर मी थबकलो. त्याला डच नाव आहे ते शब्दशः 'म्हातारपणाचं कलम'. त्याचा मथितार्थ असा : हे घर इतक्या वर्षांचं आहे हे खरेदीदाराला ठाऊक आहे आणि नव्या घराकडून ठेवाव्यात तशा अपेक्षा तो याच्याकडून ठेवणार नाही. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, 'हे कलम आपल्या लग्नाच्या नोंदणीतही हवं होतं.'

खरेदीदाराच्या बाजूचं एक कलम मात्र मला फार आवडलं. सह्या केलेल्या कराराची प्रत हाती पडल्यापासून तीन दिवस विचार करायला मिळतात. या मुदतीत कारण न देता, दंड न भरता करार मोडता येतो. २००३ पासूनचा हा हक्क फक्त घेणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही. तीन दिवस उलटले, की मात्र माघार घेणाऱ्याला साधारणपणे किमतीच्या दहा टक्के भुर्दंड. कर्जच मिळालं नाही तर सुटका होईल, असं वेगळं कलम घालून घ्यायचं असतं. ते होतं, याची मी दोनदा खात्री केली.

कर्जाचं प्रकरण बँकवाल्याला खिळवून ठेवणारं. एके काळी तिथल्या बँका घराच्या किमतीहून जास्त कर्ज देत. नुसतं व्याज भरत राहायचं, मुद्दलाचं तीस वर्षांनी पाहू, अशी कर्जंही मुबलक होती, कारण व्याजावर आयकरात सवलत मिळे. मग २००८ नंतर घरांच्या किमती पडत गेल्या, पाच वर्षांत सुमारे एक पंचमांशानं. ज्यांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं, त्यांच्या घरांना तिकडे 'पाण्याखालची' म्हणू लागले. समुद्राला बांध घालून जगणाऱ्या देशानं हा शब्द सहज वापरला नसणार. २०१३ पासून नव्या कर्जाचं मुद्दल तीस वर्षांत फेडत जाणाऱ्यालाच व्याजाची सवलत मिळते आणि २०१८ पासून घराच्या मूल्याहून अधिक कर्ज मिळत नाही. वरचा खर्च स्वतःच्या खिशातून. घर राहण्यासाठी घेणाऱ्याला हस्तांतर कर दोन टक्के. आपल्या मुद्रांक शुल्काशी ताडून पाहा. पस्तिशीच्या आतल्या माणसाला पहिल्या घरावर, किंमत ठरावीक मर्यादेत असली तर, २०२१ पासून तोही माफ. आमची दोघं पस्तिशी ओलांडलेली. त्यांनी भरला.

मार्चमध्ये आम्ही दोघं तीन महिन्यांच्या व्हिसावर पोचलो आणि एप्रिलच्या सुरुवातीला नोटारिसच्या कचेरीत खरेदीखत झालं. आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले वकीलसाहेब डोळ्यांपुढे येतात. तिथला नोटारिस राजाज्ञेनं नेमलेला असतो आणि तो दोन्ही पक्षांपासून सारख्याच अंतरावर उभा. मालकी तपासणं, बोजा पाहणं, वाटेचे-पाण्याचे शेजारहक्क नोंदवणं हे सगळं त्याचं काम. बँकेचे पैसे त्याच्या वेगळ्या खात्यात येतात. दस्ताची नोंद झाली, बोजा नाही हे पुन्हा पाहिलं, की मगच ते विकणाऱ्याकडे जातात. 'पांढऱ्यात किती आणि काळ्यात किती' हा प्रश्न मांडायला जागाच नाही. दर माणशी एक कप कॉफी आणि एक बिस्किट. अर्ध्या-पाऊण तासात खरेदीखत वाचून, समजावून, सह्या होऊन आम्ही बाहेर.

हे इतकं सुरळीत होतं त्याच्या मुळाशी एक जुनं दफ्तर आहे. 'कडास्टर' हे त्याचं नाव. नेपोलियनच्या अमलात सुरू झालेली तुकड्यातुकड्याची मोजणी १८३२ मध्ये या नोंदवहीत आली, ती आजतागायत चालू आहे. खरेदीखत या दफ्तरी नोंदलं गेलं, की मालकी बदलते. थोडं शुल्क भरून कुणीही कुणाचंही घर किती रकमेला विकलं गेलं ते पाहू शकतो. मला नवल वाटलं ते तारखेचं. आपल्याकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमीनमोजणी हाती घेतली ती १८३५-३६ मध्ये, म्हणजे जवळजवळ त्याच सुमारास. साखळी दोन्हीकडे पडली. पुढे तिच्यातली कडी आपल्याकडे कुठे निसटली, हा वेगळ्या लेखाचा विषय. डचांची कागदावरची निष्ठा मात्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही. नोकरीनिमित्त वेंगुर्ल्याला जाणं होई तेव्हा तिथल्या डच वखारीच्या पडक्या भिंती मी पाहिल्या आहेत. १६३७ सालची ती वखार. तेव्हाही तिथे बसून कुणीतरी काटेकोर हिशेब लिहीतच असणार.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. टायटल क्लिअर होतं, स्फटिकासारखं. घर कायद्यानं लेकीचं झालं.

आता त्या टोपीखालच्या दुसऱ्या घराविषयी.

सामान लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. साठीचे गृहस्थ आणि त्यांची पत्नी. हातात लाकडी फळी, तिच्यावर पाव आणि मिठाची वाटी. नव्या घरात पाव-मीठ न्यायची तिकडे जुनी रीत आहे. आत आले, कॉफी झाली. आमची नात त्यांना आपली खोली दाखवून आली. मग ते गृहस्थ संथ इंग्रजीत माझ्याकडे पाहून म्हणाले, 'हे घर आमच्या मुलालाही हवं होतं. त्यानंही बोली लावली होती. तुमच्या मुलीची जास्त होती.'

खोलीत कुणी काही बोललं नाही. हिनं मला हळूच विचारलं, 'काय म्हणतायत?' मी सांगितलं. हिचा चेहरा उतरला.

डच माणूस स्पष्ट बोलतो हे ऐकून होतो, पण हा स्पष्टपणा अंगावर आला. मुलगा सत्तावीस वर्षांचा, वीजतंत्री. त्याला हस्तांतर कर माफ होता. सरकारनं आपल्यापरीनं हात दिला होता. पण शहरात दोघांचे दोन पगार असलेली माणसं खेड्यातली शांतता शोधत आली, की खेड्यातल्या एका पगाराचं काही चालत नाही. घर विकणाऱ्या आजीबाई त्या मुलाला लहानपणापासून ओळखत होत्या. पण त्यांना तीन मुलं आणि घरात तिघांचा वाटा. जास्तीचा आकडा सोडून देणं त्यांच्या एकटीच्या हातात नव्हतं. मुलगा आता शहरात भाड्याच्या खोलीत राहत होता. आपल्याकडच्या गावांत शहरवाले 'सेकंड होम' घेत सुटतात, तेव्हा तिथल्या पोरांचं काय होतं, ते कोकणातल्या वाचकांना ठाऊक आहे. कर्ज मंजूर करताना आम्ही अर्जदाराची ऐपत मोजत असू. त्या घरावर आणखी कुणाचा डोळा होता आणि त्याचं काय झालं, याला आमच्या छापील अर्जात रकाना नव्हता.

आपल्याकडे अशा प्रसंगातून सामाईक भिंतीचा दावा निघाला असता आणि तीन पिढ्या चालला असता. ते गृहस्थ मात्र कप खाली ठेवून म्हणाले, 'ते झालं. आता तुम्ही शेजारी.' आणि त्यांनी कामाचं बोलायला घेतलं. पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, शिडी कुणाकडे आहे, रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर काय करायचं. शेवटी लेकीला सांगितलं, 'एक किल्ली आमच्याकडे ठेवा.' त्यांच्या मनात सल नसेल असं मी म्हणत नाही. जाताना त्यांच्या पत्नीनं जिन्याकडे एकदा वर पाहिलं, ते मला दिसलं.

या वागण्याला तिकडे नाव आहे, 'नोआबरस्खाप'. घसा खाकरल्यासारखा उच्चार करायचा. नोआबर म्हणजे शेजारी आणि हा शेजारधर्म. नेदरलँड्सच्या पूर्व भागात तो शेकडो वर्षं पाळला जातो. विरळ वस्ती, सरकार दूर, विमा नाही. गाय अडली, वीज पडली, घरधनी गेला तर धावून येणार कोण? शेजारी. म्हणून कर्तव्यं ठरून गेली. बाळ जन्मलं की शेजाऱ्यांनी बेदाण्यांचा हातभर लांब पाव वाजतगाजत न्यायचा. लग्न असलं की दाराला हिरवी कमान बांधून त्यावर कागदी गुलाब लावायचे. मरण आलं की गावाला कळवायचं आणि शवपेटी उचलायची. गोम अशी, की हे नातं माणसाच्या आवडीनिवडीवर नाही. ते घराला चिकटलेलं असतं. त्या घरात जो राहील तो शेजारी, मग तो कुठल्याही रंगाचा, कुठल्याही देशातून आलेला असो. आज या रीतींचा जोर ओसरला आहे आणि नव्या वस्त्यांत त्या नावापुरत्याही नसतील. पण ओसरलेल्या रीतीतही किती धग उरते, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं.

हळूहळू आम्हीही गावाला सरावलो. शांतता सुरुवातीला कानात दडे बसल्यासारखी वाटते. मग तिच्यातले आवाज कळू लागतात : चर्चची घंटा, सायकलीची साखळी, शेजारच्या भिंतीपलीकडची खुर्ची सरकल्याचा आवाज. ईस्टरच्या संध्याकाळी गावाबाहेर फांद्यांचा प्रचंड ढीग पेटवतात. सगळं गाव भोवती उभं. हिनं पर्समधून खोबऱ्याचा तुकडा काढला आणि नातीच्या हातून आगीत टाकवला. कुणी काही विचारलं नाही. शाळेच्या बाई मात्र नातीला पाहून खूश होत्या. अशा गावांत मुलं कमी होत जातात, एक दिवस शाळा बंद होते आणि मग तरुण जोडपी येईनाशी होतात. एका मुलीचं येणंही तिथे मोजलं जातं.

परतीच्या आदल्या रात्री ही बॅग भरता भरता म्हणाली, 'नाही यायची आता ती.' आवाजात रडू नव्हतं. 'पण किल्ली शेजारी आहे. आपण काही रात्री-अपरात्री पोचणार नाही, ते पोचतील.' परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांना या वाक्यातला हिशेब वेगळा उलगडून सांगायला नको.

यंदा जानेवारीत घर विकणाऱ्या आजीबाई गेल्या. शेवटचे महिने त्या जवळच्या शहरात वृद्धांच्या निवासात होत्या, पण अंत्यसंस्कार गावातच झाले. शेजारचे गृहस्थ आदल्या दिवशी जावयाकडे आले. पेटी उचलायला सहा जण लागतात, त्यातला एक आजीबाईंच्या घरातला शेजारी म्हणून तूच, असं त्यांनी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. जावयानं काळा कोट उसना आणला. त्याच्या पुढे तो वीजतंत्री मुलगा होता. दोघांची उंची सारखी नाही. पहिल्या काही पावलांना पेटी थोडी कलली. तेव्हा त्या मुलानं मागे न पाहता गुडघे किंचित वाकवले आणि चाल धरली.

जावयानं हे फोनवर सांगितलं आणि म्हणाला, 'बाबा, याला मराठीत काय म्हणतात हो? मला शब्दच आठवेना.' मी म्हटलं, 'खांदा देणं.'